उंबऱ्याची झीज

खेडें केवढें हें सांगतांना आपल्याकडे पुष्कळदां माणसें मोजीत नाहींत, उंबरे मोजतात. महाड-पोलादपूरच्या खोऱ्यांतहि वाडीचा आकार असाच सांगतात. घर म्हणजे उंबरा, हें समीकरण जुनें आहे. संस्कृत कोशांत 'उदुंबर' या शब्दाचे औदुंबराचें झाड आणि देहली असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. आपला उंबरा त्याच घराण्यांतला. नव्या सुनेनें माप लवंडावयाचें तें येथेंच, आणि सणावारीं रांगोळी पडते तीहि येथेंच.

महाड तालुक्यांतच रायगड आहे. ज्या हिरोजी इंदुलकरानें गडावर बांधकाम केलें, त्याचें नांव जगदीश्वराच्या मंदिरांतील मोठ्या शिलालेखांत आहे. पण लोकांच्या स्मरणांत राहिली ती तेथील पायरी. आपण सेवेला तत्पर आहों, एवढेंच सांगून त्यानें तिच्यावर नांव घातलें आहे. येणाऱ्यांच्या पायांनीं झिजण्यांत त्याला कमीपणा वाटला नाहीं.

लाकडी उंबऱ्याचेंहि तसेंच आहे. दुसऱ्याचे उंबरे झिजवावे लागणें हें दुर्दैव खरें. पण ज्याचा उंबरा येणाऱ्याजाणाऱ्यांनीं झिजतो, त्या घराची ती शोभाच होय. कोंकणच्या उंबऱ्याला खरा शत्रु आहे तो पाऊस. लाकूड टोकांकडून अधिक पाणी पितें. म्हणून उंबरा झिजतो मधोमध, आणि कुजतो तो चौकटीच्या खांबांशीं. पटाशीचें टोक दाबून पाहावें. झिजलेलें लाकूड टणक लागतें. कुजलेल्यांत टोक रुततें. झीज राहूं द्यावी. कुजलेला उंबरा मात्र बदलावा.

हें काम घरधन्यानें स्वतः करण्यासारखें आहे. मृग लागण्यापूर्वीं, कोरड्या दिवसांत तें हातीं घ्यावें. खांब उंबऱ्यावरच उभे असतील तर आधीं त्यांना भक्कम टेकू द्यावा. मग जुना उंबरा दोन ठिकाणीं करवतीनें कापून मधला तुकडा काढावा, म्हणजे दोन्ही टोकें खांबांना धक्का न लागतां आंतल्या बाजूस ओढून घेतां येतात. जुनी चौकट क्वचितच काटकोनांत असते. म्हणून माप आंतून व बाहेरून, दोन्हीकडे घ्यावें. नवें सागवान चांगलें सुकलेलें असावें. वरच्या अंगाला बाहेरच्या बाजूस थोडा उतार द्यावा, आणि बाहेरच्या कडेखालीं एक बारीक खोबण पाडावी, म्हणजे पाणी खालून आंत न ओघळतां तेथेंच थेंबाथेंबानें गळतें. टोकांना जवसाच्या तेलाचे दोनतीन हात देऊन मगच तीं खाचांत बसवावीं.

अर्थात् उंबऱ्याच्या शक्तीलाहि मर्यादा आहे. जुलै २०२१ मध्यें सावित्रीचा पूर महाडच्या घरांत शिरला, आणि त्याच पावसांत तळिये येथें दरड कोसळून घरेंच्या घरें माणसांसह गाडलीं गेलीं. तेथें कोणता उंबरा काय अडविणार?

पण याच महाडनें माणसें अडविणारा उंबराहि पाहिला आहे. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचें पाणी प्याले. नगरपालिकेनें तें तळें ठरावानें आधींच सर्वांस खुलें केलेलें होतें. तरी हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी आवई उठली, आणि परिषदेला आलेल्या माणसांना मार बसला. देवळाचा उंबरा कोणी ओलांडला नव्हता. ओलांडतील, एवढ्या कल्पनेनेंच हें घडलें. तळ्याच्या हक्काचा निकाल मुंबई उच्च न्यायालयांतून लागावयास १९३७ साल उजाडलें. लाकडाचा उंबरा बदलावयास एक दिवस पुरतो. मनांतला कुजलेला उंबरा काढावयास किती काळ लागतो, हें या दहा वर्षांवरून दिसतें.

म्हणून आपण यंदा उंबरा बदलाल तेव्हां त्याचा उतार बाहेर ठेवा, तो पाण्यासाठीं. उंची मात्र इतकीच ठेवा, कीं थकल्याभागल्या म्हाताऱ्या माणसालाहि पाय उचलून सहज आंत येतां येईल.