मुक्ती मिशनमधील आत्मिक संजीवन
पुणे जिल्ह्यातील केडगाव (ता. दौंड) येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेले ख्रिस्ती आध्यात्मिक नवजागरण. रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि पुढे १८९६-९७ च्या दुष्काळातल्या निराधार मुली-बायकांना केडगावात आसरा दिला. १९०५ च्या आरंभी तिथे रोजची प्रार्थनासभा सुरू झाली. जूनअखेर मुली पापकबुली देत मोठ्याने रडू लागल्या. मागाहून त्याच गाऊ लागल्या. त्यांची पथके खेडोपाडी सुवार्ता सांगत फिरली.

अशा संजीवनाची पारख बायबलच्या भाषेत त्याच्या फळावरून होते. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १५) येशू स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना फळ देणारे फाटे म्हणतो. गलतीकरांस पत्रात पौल प्रीती, आनंद, शांती आदी नऊ गुण सांगतो, पण त्यांना मिळून ‘फळ’ असे एकवचनीच म्हणतो; हा बारकावा महत्त्वाचा आहे. मुक्तीतले फळ अश्रूंपेक्षा कामात अधिक दिसते. एकेकाळी उपाशी असलेल्या मुली छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले बायबलचे सुलभ मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले आणि त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले.