हिरव्या पाटीवरील रिकामा चौकोन

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तह, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. आज मी जो विषय आपल्यापुढे मांडणार आहे त्यात सनावळी आहे, तहनामेही आहेत. परंतु हा सारा इतिहास घडला तो एका लहानशा फाइलीभोवती. ती फाइल गरीब मुलांसाठी बनवलेल्या एका स्वस्त संगणकात मुळात घातलेली नव्हती, आणि ज्याला ती हवी असेल त्याने स्वतःच्या हाताने बसवून घ्यावी लागे. एवढ्याशा कामाचा इतिहास तो काय सांगायचा, असे कोणास वाटेल. पण त्या फाइलीच्या नसण्यामागे एक तत्त्व होते, आणि त्या तत्त्वाची किंमत कोणी मोजली, हा माझ्या आजच्या विवेचनाचा मुद्दा आहे.

२००५ च्या जानेवारीत दाव्होस येथे अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक निकोलस निग्रोपाँटी यांनी शंभर डॉलरांच्या संगणकाची कल्पना मांडली. जगातील प्रत्येक गरीब मुलाच्या हातात एकेक संगणक द्यायचा, तो त्याच्या मालकीचा असायचा, आणि सरकारांनी तो लाखांच्या संख्येने विकत घ्यायचा, अशी ती योजना. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूनिस येथील जागतिक परिषदेत संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत त्याचा नमुना दाखवण्यात आला. हिरव्या रंगाचे ते यंत्र, बाजूला वीज निर्माण करण्यासाठी पिवळा दांडा. अन्नान यांनी दांडा फिरवायला घेतला आणि तो निखळून आला! पुढे तो दांडा रद्दच झाला. किंमतही शंभरावर राहिली नाही. २००७ च्या अखेरीस यंत्र तयार होऊन बाहेर पडले तेव्हा ती दोनशेच्या घरात गेली होती.

तथापि यंत्र गुणाचे होते, यात संशय नाही. भर उन्हात वाचता येईल असा पडदा मेरी लू जेप्सन या बाईंनी त्यासाठी रचला. विजेची गरज अगदी थोडी. स्मृती २५६ मेगाबाइट, साठवण १ गिगाबाइट, आणि प्रक्रियेचा वेग ४३३ मेगाहर्ट्झ. म्हणजे त्या काळच्या मानानेही बेताचाच. आत लिनक्स ही प्रणाली आणि तिच्यावर मुलांसाठी मुद्दाम रचलेले ‘शुगर’ नावाचे आवरण.

लिनक्सच का? ती फुकट म्हणून, असे एक उत्तर देता येईल. पण ते अपुरे आहे. अॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांनी आपली प्रणालीही या संगणकासाठी फुकट देऊ केली होती. ती नाकारण्यात आली, कारण तिचा मूळ आराखडा खुला नव्हता. ज्या यंत्राने मूल शिकणार ते यंत्र मुलाला उघडून पाहता आले पाहिजे, आत काय चालले आहे ते वाचता आले पाहिजे, बदलता आले पाहिजे, हा त्या मंडळींचा आग्रह. म्हणून त्यांनी कळफलकावर एक खास कळ ठेवली. ती दाबली की समोर चाललेल्या कार्यक्रमाचा मूळ मजकूर दिसावा, अशी योजना होती. प्रत्यक्षात आरंभी ती थोड्याच ठिकाणी चाले, हे खरे. पण कल्पना पाहा: घड्याळाचे झाकण उघडून चाके पाहण्याची मुभा येथे मुलाला हक्क म्हणून दिलेली होती.

आणि याच ठिकाणी घोडे अडले.

त्या वर्षांत इंटरनेटवरील चित्रफिती, मुलांचे खेळ, हलत्या चित्रांचे धडे हे बहुतेक सारे ‘फ्लॅश’ नावाच्या एका घडणीत असत. तिचा उगम १९९६ मध्ये जोनाथन गे व त्यांचे सहकारी यांच्या एका छोट्या कंपनीत झाला. लगेच ती मॅक्रोमीडियाने घेतली, आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियालाच अॅडोबी कंपनीने गिळले. त्याच वर्षी यूट्यूब निघाले, तेही फ्लॅशवर उभे राहिले. ब्राउझर हा मुळात मजकूर आणि स्थिर चित्रे दाखवणारा. त्याला हलती चित्रे दाखवायची तर एक जोड लावावा लागे. यालाच प्लगिन म्हणतात. शिवणयंत्राला काजे करण्याचा वेगळा जोड मिळतो ना, तसा. हा जोड नसला की पानावर त्या जागी एक रिकामा चौकोन तेवढा दिसे.

अॅडोबीचा हा जोड फुकट मिळे, पण तो बंद पेटीतला होता. त्याच्या परवान्यात दोन अटी महत्त्वाच्या होत्या. कंपनीशी वेगळा करार केल्यावाचून तो दुसऱ्याने वाटू नये, ही एक. आणि तो उलगडून त्याची रचना शोधू नये, ही दुसरी. शिवाय फ्लॅशच्या फाइलीची घडण सांगणारा दस्तऐवज कंपनीने प्रसिद्ध केला होता खरा, पण तो वाचून फ्लॅशच्या फाइली बनवाव्यात. त्या चालवणारा दुसरा जोड बनवू नये, अशी त्यावर बंदी होती. ती बंदी मे २००८ मध्ये उठली. लिनक्सवाल्यांची उपेक्षा तर आधीपासूनच चालली होती: आठवी आवृत्ती त्यांच्यासाठी निघालीच नाही, आणि नववी हाती पडायला जानेवारी २००७ उजाडला.

या बंदीला उत्तर म्हणून २००५ च्या अखेरीस रॉब सॅव्हॉय यांनी ‘ग्नॅश’ नावाचा खुला जोड लिहावयास घेतला. ज्याने अॅडोबीच्या परवान्याला कधी मान्यता दिली असेल त्याने या कामात हात घालू नये, असा त्यांचा दंडक. म्हणजे ज्या वस्तूची हुबेहूब नक्कल करायची ती वस्तू स्वतःच्या यंत्रावर चालवूनही पाहायची नाही! न ऐकलेल्या चिजेचे नोटेशन लिहिण्यासारखेच हे. तरीही त्यांनी पुष्कळ मजल मारली, आणि हिरव्या संगणकात हाच ग्नॅश घालून दिला गेला.

परंतु त्यातही एक पाचर होती. फ्लॅशच्या चित्रफितीतील चित्र आणि आवाज ज्या रीतींनी आवळलेले असत, त्यांवर, उदाहरणार्थ एमपी३ वर, अमेरिकेत पेटंटे होती. त्या रीती उलगडणारे भाग ग्नॅशला जोडता येत असत. पण ते यंत्रात घालून लक्षावधी प्रती वाटायच्या तर पेटंटवाल्यांना पैसे मोजणे आले. ते भाग वगळले गेले. परिणाम असा की साधे हलते चित्र कधी चाले, कधी न चाले; आणि यूट्यूबची चित्रफीत बहुधा चालतच नसे. चौकोन रिकामाच राहिला.

आता बसवण्याची रीत सांगतो. २००७ च्या नोव्हेंबरात उत्तर अमेरिकेत एक विक्री निघाली: ३९९ डॉलर भरा, एक संगणक गरीब मुलाला जाईल आणि एक तुमच्या घरी येईल. घरी आलेला संगणक लोकांनी उघडला, यूट्यूब लावले, आणि रिकामा चौकोन पाहून विचारणा सुरू झाली. उपाय सांगितला जाई तो असा: ‘टर्मिनल’ उघडा. चित्रे नाहीत, बटणे नाहीत, नुसता लिहिण्याचा पडदा. तेथे आज्ञा लिहून यंत्राचे मूळ अधिकार हाती घ्या. अॅडोबीकडून जोडाचे गाठोडे उतरवून घ्या. दुसरी आज्ञा लिहून ते गाठोडे सोडा, म्हणजे जोड आपल्या जागी जाऊन बसेल. दोन जोड एकाच कामावर भांडू नयेत म्हणून ग्नॅशला बाजूला सारा. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. एक अक्षर चुकले, एक मोकळी जागा राहिली, की आज्ञा फुकट. इतके करून चित्र दिसू लागे, पण त्या मंद यंत्रावर ते अडखळत चाले. आणि पुढे यंत्राची प्रणाली नव्या आवृत्तीने बदलली की मुलाच्या स्वतःच्या फाइली तेवढ्या शाबूत राहत. प्रणालीत बसवलेला जोड पुसला जाई. पुन्हा टर्मिनल, पुन्हा तीच संथा.

अमेरिकेतील हौशी गृहस्थाला यात गंमत वाटली असेल. पण हे यंत्र त्याच्यासाठी नव्हतेच. ते ज्यांच्यासाठी होते त्यांतील काही मुले आपल्या रायगड जिल्ह्यात होती. भारत सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ मध्येच ही योजना नाकारली होती; वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक, असे खात्याचे म्हणणे. तरी २००७ मध्ये खैराट येथील धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत वीस-बावीस मुलांच्या हाती हे संगणक देऊन प्रयोग झाला. अशा शाळेत चारही इयत्ता एकटा गुरुजी सांभाळतो. त्याने इंग्रजी आज्ञा टर्मिनलात लिहून, दर यंत्रावर एकेक करून, गाठोडी सोडत बसावे काय? पुण्यामुंबईच्या मुलाला जो धडा एका टिचकीसरशी दिसतो, तो त्या मुलाला दिसण्यासाठी गुरुजीने आधी लिनक्सचा कारभारी व्हायचे. खुलेपणाच्या तत्त्वाचा भार येथे सर्वांत दुबळ्या खांद्यावर पडला, असे माझे स्पष्ट मत आहे. तत्त्व बोस्टनजवळ बसून ठरवणाऱ्यांपाशी दुसरे संगणक होते.

नेपाळात पेच निराळ्या रीतीने प्रकट झाला. तेथे २००८ मध्ये दोन शाळांतून काम सुरू झाले आणि पाठ्यक्रमाला धरून ‘ई-पाठ’ नावाचे धडे रचण्यात आले. आधी ते स्क्वीक या खुल्या साधनात रचले जात. पुढे फ्लॅशकडे वळावे लागले, कारण काठमांडूत फ्लॅश जाणणारे कारागीर मिळत आणि स्क्वीक जाणणारे मिळत नसत. मुलाच्या मातृभाषेत, देवनागरीत धडा हवा असेल तर कारागीर ज्या हत्याराचा सराव ठेवतात ते हत्यार घ्यावे लागते. पुढे त्याच मंडळींनी हे धडे ब्राउझरच्या स्वतःच्या खुल्या भाषेत आणण्याचे काम हाती घेतले.

बाजारात मात्र असे प्रश्न कोणाला पडले नाहीत. २००७ च्या ऑक्टोबरात तैवानच्या असूस कंपनीने ‘ई पीसी’ हा छोटा स्वस्त संगणक आणला. त्यातही लिनक्सच होते. पण फ्लॅशचा जोड आधीच बसवलेला. तो हातोहात खपला. इकडे हिरव्या संगणकाच्या छावणीत फूट पडली. एप्रिल २००८ मध्ये वॉल्टर बेंडर संस्थेतून बाहेर पडले आणि पुढच्याच महिन्यात शुगरची स्वतंत्र संस्था निघाली. त्याच मे महिन्यात मायक्रोसॉफ्टचे विंडोजही या यंत्रावर चालेल अशी घोषणा झाली. उरुग्वेने तेवढे सरकारी बळावर काम तडीस नेले: २००९ च्या ऑक्टोबरपर्यंत तेथील सरकारी प्राथमिक शाळांतील साडेतीन लाखांहून अधिक मुलांना यंत्रे मिळाली.

मग जॉब्स आणि अॅडोबी यांचे बिनसले. एप्रिल २०१० मध्ये जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून आपल्या फोनवर फ्लॅश येऊ देणार नाही, असे सांगितले. गंमत अशी की त्यात बंद पेटीचा दोष अॅडोबीला देणारे स्वतः अॅपलवाले होते! ब्राउझरलाच चित्रफीत दाखवता यावी, ही सूचना ऑपेरा कंपनीने २००७ मध्ये केली होती; हळूहळू तीच रीत सर्वत्र रूढ झाली. एमपी३ ची पेटंटे २०१७ पर्यंत सरली. ३१ डिसेंबर २०२० रोजी अॅडोबीने फ्लॅशचा कारभार गुंडाळला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो जोड स्वतःहून चित्रे दाखवायचा थांबला. पंचवीस वर्षांचे खेळ, धडे, व्यंगचित्रे एका कंपनीच्या निर्णयासरशी रिकाम्या चौकोनात गेली. खुल्या जोडाचा आग्रह धरणाऱ्यांना जी भीती वाटत होती ती हीच. आणि ती खरी ठरली, हे त्यांच्यावर टीका करणाऱ्या माझ्यासारख्यानेही मान्य केले पाहिजे.

ही चित्रे पुष्कळशी वाचली, ती ‘रफल’ नावाच्या एका खुल्या कार्यक्रमामुळे. नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरनेट आर्काइव्हने तो स्वीकारला आणि जुने फ्लॅशचे खेळ लोकांना पुन्हा दाखवावयास आरंभ केला. तो तेथील पानातूनच चालतो. पाहणाऱ्याला टर्मिनल नको, मूळ अधिकार नकोत, काहीच बसवावे लागत नाही. मात्र त्याला अलीकडच्या घडणीचा ब्राउझर लागतो, आणि हिरव्या संगणकातील जुन्या प्रोसेसरवर असा ब्राउझर चालत नाही. खैराटच्या शाळेत २००७ साली जी मुले पहिलीत होती, ती रफल येईतो एकोणीस-वीस वर्षांची झाली होती.