संततिनियमनाची भाषा : कर्वे ते ‘निरोध’

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे. १९२३ चे ‘संततिनियमन’ हे पुस्तक आणि १९२७ ते १९५३ या काळातील ‘समाजस्वास्थ्य’ मासिक यांतून त्यांनी साधनांविषयी उघड, रोखठोक गद्य लिहिले. त्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडावी लागली आणि अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली.

१९६८ मध्ये शासनाने ‘निरोध’ बाजारात आणला. भिलाईसारख्या बहुभाषी पोलादनगरीत मराठी, हिंदी, तेलुगू घरांना हा एकच तत्सम शब्द समजण्याजोगा होता. परंतु नावाने वापर कळत नाही. प्रत्येक संबंधाच्या वेळी आरंभापासून नवा निरोध हवा. तेलाने रबर कमकुवत होते. शुक्रजंतुनाशक एकटे पुरेसे भरवशाचे नसते. त्यातील नॉनॉक्सिनॉल-९ वारंवार वापरल्यास योनीच्या अस्तराला इजा होऊन एचआयव्हीचा धोका वाढू शकतो. एवढा तपशील संकोचाविना सांगणारे गद्य कर्व्यांनी मराठीत रुजवले. वाङ्मयेतिहासाने त्याची नोंद केवळ समाजसुधारणेच्या खाती टाकणे अपुरे आहे.