प्रेमजी, मोहमद हुसेन हाशम

(मृत्यू : ऑगस्ट १९६६). भारतातील वनस्पती तूप व खाद्यतेल उद्योगाच्या प्रारंभकाळातील एक उद्योजक आणि अंमळनेर (जि. जळगाव) येथील ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ या कंपनीचे संस्थापक. मुंबईत तांदळाचा व्यापार करणाऱ्या गुजराती भाषक खोजा कुटुंबातील ते होत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यव्यापारावर सरकारी नियंत्रणे आली. त्यानंतर ते कारखानदारीकडे वळले.

त्यापूर्वी खानदेशात तेल गाळण्याचा व्यवसाय मुख्यत्वे तेली समाजाच्या बैलघाण्यांवर चाले. घाण्याच्या पेंडीत बरेच तेल शिल्लक राही आणि शुद्ध न केलेले तेल फार काळ टिकत नसे. द्रवरूप तेलात निकेल या उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची कृती व्हिल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनज्ञाने १९०१ मध्ये शोधून काढली. या कृतीमुळे भुईमुगाच्या तेलापासून तुपासारखा दाणेदार व टिकाऊ पदार्थ बनविता येऊ लागला. भारतात १९३० नंतर या धंद्याने मूळ धरले, तथापि त्यात ‘डालडा’ ही विदेशी भांडवलावरील कंपनीची छाप प्रभावी होती.

प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी आपली कंपनी नोंदविली आणि कारखान्यासाठी तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील अंमळनेरची निवड केली. भोवतालच्या काळ्या जमिनीतील भुईमूग व सरकी आणि सुरत−भुसावळ लोहमार्गाची सोय, या गोष्टी त्या जागेला अनुकूल होत्या. कच्चा माल मुंबईला नेण्याऐवजी कारखानाच शेतमालाजवळ नेला, हे या उद्योगाचे वैशिष्ट्य होय. १९४६ मध्ये कंपनीचे भाग जनतेला विक्रीस काढण्यात आले. पुढे अंमळनेरमधील अनेक कुटुंबांनी ते घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण ही कंपनीची प्रारंभीची उत्पादने होत.

हा काळ या धंद्याला अनुकूल होता असे नाही. वनस्पतीची भेसळ केल्याने शुद्ध तुपाचा व्यापार बुडतो आणि आरोग्यास अपाय होतो, असा आक्षेप होता. महात्मा गांधींचाही वनस्पतीला विरोध होता. १९५० च्या सुमारास तिच्यावर बंदी घालण्याचे विधेयक संसदेपुढे आले, परंतु ते संमत झाले नाही. बंदीऐवजी नियमनाचा मार्ग स्वीकारण्यात आला. भेसळ रासायनिक परीक्षेने ओळखता यावी म्हणून वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे करण्यात आले. घाण्यावर जगणाऱ्या तेल्यांच्या उपजीविकेचा प्रश्न मात्र अशा नियमनाने सुटण्यासारखा नव्हता.

फाळणीच्या वेळी पाकिस्तानात येण्याविषयी मुहंमद अली जिना यांनी प्रेमजींना सुचविले होते, असे सांगितले जाते. प्रेमजी भारतातच राहिले आणि अंमळनेरचा कारखाना चालूच राहिला. त्यांच्या पत्नी डॉ. गुलबानू या मुंबईतील मुलांच्या अस्थिरोगांवरील रुग्णालयाच्या कार्याशी निगडित होत्या.

प्रेमजींचे अकाली निधन झाले, तेव्हा त्यांचे पुत्र अझीम हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होते. वयाच्या एकविसाव्या वर्षी शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली. इतक्या तरुण माणसाच्या हाती कारभार असावा काय, अशी शंका भागधारकांच्या सभेत उघडपणे व्यक्त झाली. कंपनीने पुढे द्रवचालित यंत्रसामग्री व संगणक या क्षेत्रांत पदार्पण केले. तिच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून बनलेले ‘विप्रो’ हे नाव तिने १९७७ पासून अधिकृतपणे धारण केले. २०१३ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंचा विभाग तिच्यापासून वेगळा करण्यात आला.

संगणकक्षेत्रातील कंपनीच्या कीर्तीमुळे तिचे मूळ तेलात आहे, याचे विस्मरण होते. स्वतः प्रेमजींनी संगणकाचा उद्योग पाहिला नाही. शेतमालाच्या जवळ कारखाना उभारणे आणि त्याचे भांडवल सामान्य गुंतवणूकदारांसाठी खुले करणे, या त्यांच्या दोन निर्णयांवर पुढील सर्व उभारणी झाली.