जुन्या मोटारीची राखण

"असली जुनी गाडी कोण चोरून नेणार?" हा प्रश्न आपण पुष्कळदां ऐकला असेल. इमारतीच्या आवारांत ताडपत्रीखालीं वडिलांच्या वेळची फियाट उभी असते. ती कुर्ल्याच्या कारखान्यांतून घरीं यावी म्हणून एके काळीं वर्षानुवर्षें नंबर लावून बसावें लागलें होतें. आतां ती दसऱ्याला धुतली जाते, झेंडूची माळ घालून मिरवते आणि पुन्हां ताडपत्रीखालीं जाते. मालकाची समजूत अशी, कीं चोराचा डोळा असतो तो नव्या गाडीवर. मीही बराच काळ याच समजुतींत होतों. मोटारीच्या राखणीचा इतिहास वाचूं लागलों, तेव्हां मात्र ती टिकली नाहीं. मोटारीसाठीं जें जें नवें कुलूप निघालें, त्यानें नवी मोटार राखली खरी. पण त्याच कुलुपानें चोराचा मोर्चा जुन्या मोटारीकडे वळविला, असें हा इतिहास सांगतो.

मोटार जन्माला आली तेव्हां तिला कुलूप नव्हतेंच. पुढून दांडा घालून फिरवावा, इंजिन सुरू झालें कीं चढून बसावें आणि चालूं लागावें, असा तो सरळ मामला होता. पुष्कळ गाड्यांत ठिणगी मिळे ती मॅग्नेटोपासून. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज उत्पन्न करणारें यंत्र. त्याला बॅटरीची गरज नसे. तें बंद करावयाचें, तर एका तारेनें त्याची वीज गाडीच्या लोखंडी सांगाड्यांत सोडून द्यावी लागे, आणि मालकाच्या हातांतली किल्ली एवढेंच काम करी. म्हणजे चोरानें ती एक तार तोडली, कीं किल्ली मालकाच्या खिशांत राहिली तरी गाडी चोराची! अमेरिकेंत हेन्री फोर्डनें आपलें 'मॉडेल टी' १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक संख्येनें रस्त्यावर आणलें. १९१९ च्या सुमारास त्याला विजेवर सुरू होणारी सोय आली व त्याबरोबर किल्लीही आली. पण त्या किल्ल्यांचे नमुने होते अवघे चोवीस. दोन डझन किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला, कीं चोर लक्षावधि फोर्ड गाड्यांचा मालक झाला म्हणावयाचा. बिचारे मालक चाकांतून सांखळ्या ओवीत. कोणी स्टिअरिंगचें चाकच काढून काखेंत घेऊन कचेरींत जात.

या चोरीचें एक वैशिष्ट्य आहे. दागिने चोरले तर ते घेऊन पळावें लागतें. येथें चोरीचा मालच चोराला पाठीवर घेऊन पळतो. एका संस्थानाची हद्द ओलांडून दुसऱ्यांत गेलें, कीं पहिल्याचे पोलीस हात चोळीत बसत. म्हणून मिसूरीचे प्रतिनिधि लिओनिडस डायर यांनीं पुढें आणलेला कायदा १९१९ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें मंजूर केला. चोरलेली मोटार संस्थानाच्या हद्दीपार नेणें हा त्यानें साऱ्या देशाच्या मध्यवर्ती सरकारचा गुन्हा ठरविला.

मालकाला राखणीची सक्ती करणारें सरकार पाहावयाचें, तर १९४० च्या इंग्लंडांत जावें लागतें. फ्रान्स पडलें होतें. जर्मन शिपाई आज ना उद्यां पॅराशूटनें उतरतील आणि रस्त्यावरची पहिली मोटार घेऊन लंडनचा मार्ग धरतील, अशी भीति होती. सरकारनें हुकूम काढला, कीं मोटार सोडून जातांना ती चालूं शकणार नाहीं असें करूनच मालकानें जावें. यासाठीं डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाखालचा रोटर काढून खिशांत टाकणें हा सर्वांत सोपा उपाय होता. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा तुकडा; पण तो नसेल तर एकाहि सिलिंडरला ठिणगी पोंचत नाहीं. ज्यांनीं हयगय केली, त्यांच्या चाकांतली हवा पोलीस सोडून देत, आणि शिवाय दंड होई. युद्ध संपलें, हुकूम गेला. पण त्या जातीच्या गाड्यांसाठीं हा उपाय आजहि तितकाच खरा आहे. त्याला खर्च नाहीं, आणि गाडीच्या मूळ रूपाला एक भोकहि पडत नाहीं. चोर जाणता असेल तर तो रोटर बरोबर घेऊन येईल, हें मान्य. पण मग त्याला टोपण उघडून वांकून उभें राहावें लागतें, आणि हीं दोन मिनिटेंच चोराला सर्वांत महाग पडतात.

आतां या इतिहासाच्या गाभ्याकडे येऊं. स्टिअरिंगचा दांडा किल्लीबरोबर अडकून बसावा, ही युक्ति निघाली. तार जोडून इंजिन सुरू केलें तरी गाडी वळत नाहीं. पश्चिम जर्मनीनें १९६१ पासून नव्या मोटारींना हें कुलूप सक्तीचें केलें. एवढ्यावर न थांबतां, १९६३ पर्यंत रस्त्यावरच्या जुन्या मोटारींनाहि तें बसवून घ्यावयास लावलें. मालकांनीं खर्चाबद्दल कुरकुर केलीच असेल, पण मोटारचोऱ्या लक्षणीय घटल्या. इंग्लंडनें दहा वर्षांनंतर, १९७१ पासून, तेंच कुलूप आणलें. मात्र तें नव्या मोटारींपुरतेंच. जुन्या गाड्यांच्या मालकांवर बोजा नको, असा विचार दयाळूपणाचा वाटतो खरा. त्याचें फळ काय झालें, तें ब्रिटिश गृहखात्याच्या संशोधकांनीं १९७६ मध्यें प्रसिद्ध केलें. लंडनच्या पोलीस हद्दींत १९६९ सालीं चोरीस गेलेल्या दर शंभर मोटारींत सुमारें एकवीस नव्या होत्या. १९७३ सालीं त्या पांचच उरल्या. पण एकूण चोऱ्या कांहीं घटल्या नाहींत. उरलेल्या पंचाण्णव जुन्याच होत्या! चोरानें धंदा सोडला नव्हता, तो फक्त पुढल्या दारीं गेला होता. ज्याच्यावर दया केली, त्याच्याच दारांत तो आला.

हे आंकडे मीं प्रथम वाचले, तेव्हां शेजाऱ्यानें कुंपण उंच केल्यावर गुरें आपल्या शेतांत शिरतात, या साध्या अनुभवाची आठवण झाली. दिसणाऱ्या कुलुपाचा हा स्वभावच आहे. तें चोराला "जा" म्हणतें, "कोठें जाशील?" हें विचारीत नाहीं. पुढें १९९८ पासून युरोपांतल्या नव्या मोटारींना इलेक्ट्रॉनिक अडसर सक्तीचा झाला, तेव्हांहि जुन्या गाड्या बाहेरच राहिल्या.

ज्या नभोवाणीवरून मी आपल्याशीं बोलत आहे, तिच्याच कुळांतला पुढला उपाय आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफील्ड गांवचे पोलीस अधिकारी विल्यम रेगन यांनीं १९७९ मध्यें एका युक्तीचें पेटंट मिळविलें, आणि १९८६ पासून 'लोजॅक' या नांवानें ती त्या संस्थानांत चालूं झाली. मोटारींत कोठेंतरी एक लहानसें रेडिओयंत्र दडवून ठेवावें. तें एरवीं मुकें असतें. चोरीची वर्दी आली, कीं पोलिसांच्या मनोऱ्यावरून एक संकेत सुटतो. तो ऐकून यंत्र जागें होतें व स्वतः संकेत देऊं लागतें. पोलिसांच्या गाडींतला ग्राहक त्या आवाजाच्या मागें जातो. गाडीवर याची खूण कोठेंच नसते. चिकटपट्टी नाहीं, दिवा नाहीं.

आणि येथेंच तो चमत्कार झाला. इयन एअर्स व स्टीव्हन लेव्हिट या दोन अभ्यासकांनीं १९९८ मध्यें या यंत्राच्या परिणामांचा हिशेब मांडला. यंत्र बसविणाऱ्या मालकाच्या पदरांत एकूण लाभाचा दहावा हिस्साहि पडत नव्हता. बाकीचा सारा लाभ ज्यांनीं यंत्र बसविलेंच नाहीं अशा लोकांना होत होता. कारण कोणत्या गाडींत यंत्र आहे हें चोराला कळत नसल्यामुळें त्याला प्रत्येक गाडीचें भय वाटूं लागलें. शिवाय चोरलेल्या गाड्या मोडून त्यांचे भाग विकणाऱ्या अड्ड्यांपर्यंत तो संकेत पोलिसांना नेऊं लागला. दिसणारें कुलूप चोराला शेजाऱ्याकडे धाडतें. न दिसणारें यंत्र शेजाऱ्यालाहि राखतें. जुन्या मोटारीचा मालक पहिल्या हिशेबांत तोट्यांत होता, तोच दुसऱ्या हिशेबांत नफ्यांत आला.

पुढला टप्पा उपग्रहांचा. जमिनीपासून सुमारें वीस हजार किलोमीटरांवरून फिरणारे अमेरिकेचे उपग्रह सतत वेळ सांगत असतात. निदान चार उपग्रहांची वेळ ऐकून, ती पोंचावयास किती विलंब लागला यावरून यंत्र आपलें ठिकाण काढतें. मे २००० पर्यंत सामान्य माणसासाठीं हें ज्ञान मुद्दाम धूसर ठेवलेलें असे, आणि चूक शंभर मीटरांपर्यंत होई. तो पडदा काढल्यावर ती दहा-वीस मीटरांवर आली, आणि मग मोटारीवर नजर ठेवणारीं यंत्रें बाजारांत आलीं. एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. उपग्रह मोटारीला पाहात नाहीं. यंत्र नुसतें ऐकतें. आपला ठावठिकाणा मालकाला कळवावयास त्याला निराळी वाट, बहुधा मोबाईलची, लागते. म्हणून त्याचें सिमकार्ड बंद पडलें, तर यंत्र स्वतः कोठें आहे हें जाणून मुकाट बसतें! कांहीं चोर दोन्ही लहरी बुजविणारें यंत्र बाळगतात, हेंहि ध्यानांत ठेवावें.

जुन्या गाडीच्या अडचणी आणखी निराळ्या. पुष्कळ जुन्या गाड्यांची बॅटरी सहा व्होल्टांची. आजचें यंत्र बहुधा बारा मागतें. जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचें धन टोक सांगाड्याला जोडलेलें असे, आणि आज ऋण टोक जोडण्याची रीत आहे; याचा विचार न करतां तार लावली तर यंत्र जळतें, आणि कधीं गाडीच्या तारांनाहि झळ लागते. महिन्यांतून एकदां निघणाऱ्या गाडीची बॅटरी यंत्रानें हळूहळू पिऊन टाकणें, ही तर नेहमींची तक्रार. स्वतःची बॅटरी असलेलें यंत्र घ्यावें हें बरें. पण ती भरण्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. जाड पत्र्याच्या पेटींत यंत्र बहिरें होतें, तेव्हां जागा निवडावी ती बैठकीच्या गादींत किंवा लांकडी फळीमागें. २०२१ पासून अ‍ॅपल कंपनीचे बटनासारखे 'एअरटॅग' निघाले आहेत. ते स्वस्त असून एका बॅटरीवर सुमारें वर्षभर चालतात. पण कोणी कोणाचा चोरून पाठलाग करूं नये म्हणून ते अनोळखी माणसाच्या फोनला आपण होऊन सूचना देतात, आणि ती चोरालाहि मिळते. म्हणून एक यंत्र सहज सांपडेल असें आणि दुसरें शोधूनहि न सांपडेल असें, अशी दुहेरी योजना मला शहाणपणाची वाटते. पहिलें काढून फेंकल्यावर चोर निश्चिंत होतो.

पण जी मोटार उभीच नाहीं, सुटी होऊन पडली आहे, तिचें काय? अमेरिकेंतल्या मिल्वॉकी शहरीं एका कारखानदाराजवळ १९३८ ची 'टॅल्बो-लागो' होती. पॅरिसच्या 'फिगोनी ए फलास्की' यांनीं अश्रुबिंदूच्या आकाराची घडविलेली ही गाडी जगांत मोजक्याच. मालकानें ती दुरुस्तीसाठीं खोलून ठेवली होती. मार्च २००१ मध्यें चोर आले. त्यांनीं टेलिफोनची तार तोडली, आणि सारे भाग ट्रकांत भरून नेले. जी गाडी चालूंच शकत नव्हती, तिच्या रोटरनें किंवा स्टिअरिंगच्या कुलुपानें काय होणार होतें? मालक २००५ मध्यें वारला. त्यानें ती पुन्हां पाहिली नाहीं. पुढें ती परदेशांत जोडली गेली, रंगली, आणि कांहीं कोटींना विकली गेली. २०१६ मध्यें नव्या खरेदीदारानें तिची नोंदणी करण्यास अर्ज केला, तेव्हां चोरीच्या यादींतला नंबर आणि सांगाड्यावरचा नंबर एकच निघाला. वारसांचा दावा मुदतीबाहेर गेलेला नाहीं, असा निर्णय विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२० मध्यें दिला. पंधरा वर्षांनीं त्या मोटारीनें आपली ओळख दिली ती उपग्रहावांचून. धातूंत कोरलेल्या अंकांनीं.

आपल्याकडेहि ही ओळख आतां कागदावर आणण्याची सोय झाली आहे. पन्नास वर्षांवरील मोटारींसाठीं २०२१ मध्यें केंद्र सरकारनें नियम केले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, आणि नंबरांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात. अशी गाडी रोजच्या कामाला वापरतां येत नाहीं; प्रदर्शन, संशोधन, रॅली, पेट्रोल व दुरुस्ती यांसाठींच ती रस्त्यावर आणावी. फियाटसारख्या गाडीचे भाग आतां कारखान्यांतून नवे निघत नाहींत. म्हणून तिची जाळी, दिवे आणि मडगार्डें यांनाहि गिऱ्हाईक असतें. तेव्हां एका रविवारीं ताडपत्री काढावी. सांगाड्याचा आणि इंजिनाचा नंबर पुसून घेऊन त्यांचीं छायाचित्रें घ्यावींत. दाराच्या आंतली खूण, डाव्या मडगार्डावरचा जुना पोंचा, वडिलांनीं बसवून घेतलेला तो भोंगा, सारें टिपावें. मात्र हे कागद मोटारीच्या खणांत ठेवूं नयेत, आणि मोटारखान्यांतहि नको. मिल्वॉकीच्या चोरांनीं गाडीबरोबर तिचे कागदहि नेले होते.