महाडीबीटीचा पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत नको



प्रवेशाचे दिवस आले की कर्जत, नेरळ, खोपोलीच्या सायबर कॅफेंत शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी गर्दी होते. मुलगी आधार कार्ड पुढे करते, कॅफेवाला महाडीबीटीवर स्वतःचा मोबाईल नंबर टाकतो, युजरनेम-पासवर्ड त्याच्या वहीत लिहितो आणि हातात पावती देतो. घरी सगळ्यांना वाटते, काम झाले.

खरी अडचण नंतर येते. दहावीनंतरच्या भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज आधी कॉलेजकडे आणि मग समाज कल्याणच्या सहाय्यक आयुक्तांकडे तपासला जातो. उत्पन्नाचा दाखला जुना निघाला किंवा जातीचा दाखला अस्पष्ट दिसला, तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. हे लॉगिन केल्यावरच दिसते आणि मेसेज आलाच तर तो कॅफेवाल्याच्या फोनवर. त्याच्याकडे असे शेकडो फॉर्म असतात. मुदत निघून जाते आणि वर्ष वाया जाते. पुढच्या वर्षी नूतनीकरणालाही तेच खाते लागते, आणि पासवर्ड विसरला तर ओटीपी पुन्हा त्याच्याच नंबरवर. कॅफेवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. नंबर आपणच देत नाही.

केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना मिळायला १९५६ नंतर १९९० साल उजाडावे लागले. तो हक्क एका पासवर्डपायी जाऊ देऊ नका.

म्हणून कॅफेत जायच्या आधी आधारला स्वतःचा, निदान आईवडिलांचा, चालू नंबर जोडलेला आहे का ते बघा. नसेल तर आधार केंद्रात जाऊन जोडून घ्या. महाडीबीटीवरही तोच नंबर द्या. पासवर्ड स्वतः टाइप करा. नाव आणि जन्मसाल जोडून केलेला पासवर्ड गावातला कोणीही ओळखेल. तो घरच्या वहीत लिहून ठेवला तरी चालेल, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र टाकू नका. कॅफेच्या संगणकावर ‘पासवर्ड सेव्ह करायचा का’ असे विचारले तर नाही म्हणा, लॉगआउट करा आणि डाउनलोड झालेले दाखले पुसून टाका. आपल्या आधारची प्रत तिथे राहून जाते, याकडे कोणाचे लक्षच नसते.

बँकेचे वेगळेच त्रांगडे. पैसे फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यावर नव्हे, तर आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यावर जातात. मध्येच कोणी मोबाईलवर झटपट खाते उघडून दिले असेल तर रक्कम तिकडे जाऊ शकते. कोणते खाते जोडलेले आहे, ते आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून दिसते.

‘शिष्यवृत्ती मंजूर झाली, लिंक उघडा’ असे मेसेज आले तर पत्ता नीट वाचा. खऱ्या पोर्टलच्या पत्त्यात ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ असते. मेसेजमधून आलेले कोणतेही अ‍ॅप फोनमध्ये घेऊ नका, आणि समाज कल्याणमधून बोलतोय म्हणणाऱ्यालाही ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम थांबवणे अवघड.

अर्ज अडकला असेल तर कॉलेज ज्या जिल्ह्यात, तिथले समाज कल्याण कार्यालय बघावे लागते. खोपोलीत शिकणाऱ्यांसाठी अलिबाग, पण कर्जतहून लोकलने कल्याण-उल्हासनगरच्या कॉलेजात जाणाऱ्यांसाठी ठाणे. अलिबागची फेरी फुकट घालवू नका, आधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाकडे अर्ज कुठे थांबलाय ते विचारा.

विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर दोन-तीन कार्यकर्त्यांनी लॅपटॉप घेऊन बसावे. फॉर्म भरायला मदत करावी, पण पासवर्ड टाकताना तोंड फिरवावे.