शब्दवेध : क्विंटल

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव फुटतो तो क्विंटलवर. शब्द इंग्रजी वाटतो, पण इंग्रजीतही तो पाहुणाच. लॅटिनमध्ये ‘सेंटम’ म्हणजे शंभर, त्यावरून ‘सेंटेनारियम’. ग्रीकांमार्फत तो अरबांकडे गेला नि ‘किंतार’ झाला, पुन्हा युरोपात परतला तो क्विंटल होऊन. शंभर खरे, पण शंभर कशाचे, हे मुलखागणिक बदलायचं. पोर्तुगीजांचा क्विंटल जेमतेम ५९ किलोंचा. दशमान पद्धतीत तो १०० किलोंवर स्थिरावला. आपल्याकडे ही नवी मापं ऑक्टोबर १९५८ पासून येऊ लागली.

क्विंटल हे माप वस्तुमानाचं, म्हणजे माल मुळात किती आहे त्याचं. भुईकाट्याला कळतो तो फक्त खाली पडणारा भार. शास्त्रात वजन म्हणतात ते हेच. ट्रॅक्टर आधी भरलेला चढतो, मग रिकामा. मधला फरक तो कांदा. काटा प्रमाणित मापांशी जुळवलेला असतो, म्हणून भाराचा आकडा किलोत दिसतो. तोच काटा चंद्रावर नेला, तर क्विंटलभर कांदा साडेसोळा किलो भरेल. (व्यापाऱ्यांच्या कानी हे न गेलेलं बरं!) जुना तराजू मात्र तिथेही फसणार नाही, समोरच्या पारड्यातलं मापही तेवढंच हलकं होईल.